चौथीला सादाकोची चित्रगोष्ट वाचायची की नाही?

विश्रामबागकर: ६ ऑगस्टच्या, म्हणजे हिरोशिमा दिनाच्या वाचनासाठी तिथल्या अणुबॉम्बनंतर ल्युकेमियानं (रक्ताच्या कर्करोगानं) गेलेल्या सादाको सासाकी या मुलीची चित्रगोष्ट निवडली, तर शिक्षकांच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, "शेवट गाळा, ती बरी झाली असं सांगा." साफ चूक आहे हे! सादाको बॉम्बस्फोटाच्या वेळी दोन वर्षांची, अंगावर जखम नाही. १९५४ च्या अखेरीस मान सुजली, मग पायांवर जांभळे डाग, फेब्रुवारी १९५५ ला दवाखाना, २५ ऑक्टोबरला मृत्यू. नऊ वर्षं धडधाकट असलेली पोर आजारी पडते, हीच तर गोष्ट आहे. ती बरी झाली तर हिरोशिमातलं १९५८ चं मुलांचं स्मारक कुणाचं?

मिरजवाला: ताई, तपशील बरोबर आहेत, पण मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वर्गातल्या एखाद्याच्या घरी कुणी किमो घेत असेल, तर त्या पोराला रात्री झोप लागेल का?

विश्रामबागकर: म्हणून तर वाचण्याआधी सांगायचं: हा आजार स्पर्शानं लागत नाही, तिला तो किरणोत्सारामुळे झाला, आणि तेव्हा औषधं तोकडी होती. आज वेळेवर पूर्ण उपचार मिळाले तर ल्युकेमियाची बहुतेक मुलं बरी होतात.

तासगावचा वाचक: हजार कागदी क्रौंच घडवले की इच्छा पुरी होते म्हणून ती ते करत होती. गाळायचंच असेल तर गोष्टीतलं "६४४ झाले आणि ती गेली" हे गाळा. हजाराच्या वर झाले होते, तिच्या घरचेच सांगतात. आणि चित्रात फेब्रुवारीपासूनच उशाशी क्रौंच कशाला? घड्या घालणं ऑगस्टमध्ये सुरू झालं, औषधांच्या वेष्टनांवर.

कृष्णाकाठ: शाळेत क्रौंच करायला कार्डशीट देतात, त्याचं आधी बघा! मानेशी थर साचतात आणि जाड कागद तिथेच फुटतो. पतंगाचा कागद घ्या, १५ सेंमी चौरस. ए-४ वापरायचा तर २१ बाय २१ कापा. चौरस दोन मिलिमीटरनं जरी चुकला तरी चोच तिरकी येते.

तासगावचा वाचक: पतंगाचा कागद पोरांच्या घामट हातात टिकत नाही. घोटीव कागदच बरा.

कृष्णाकाठ: घोटीव घडीवर पांढरा पडतो, साहेब! आणि खरी चूक वेगळीच होते. मान-शेपटी होणारी दोन सुटी टोकं निमुळती करताना कडा मधल्या रेषेला अगदी भिडवतात. केसभर फट ठेवा, नाहीतर मान आत उलटवताना कागद अडतो आणि फाटतो. मधोमध दुभंगलेली, मान-शेपटीची बाजू कुठली आणि अखंड कुठली, हेही दाखवत नाही कुणी. अखंड टोकांचे पंख होतात.

मिरजवाला: मुद्दा शेवटाचा होता, कागदावर कुठे गेलात? बरं, राहू द्या शेवट. पण वाचून लगेच घंटा नको, प्रश्नांना अर्धा तास ठेवा आणि पालकांना आदल्या दिवशी कळवा. एवढं होणार नसेल, तर माझा विरोध कायम.