चिंचा फोडायला बसवा

वर दोघातिघांनी लिहिलंय की होळी झाली की पोरांना दुपारी बाहेर सोडता येत नाही, मग मोबाईलशिवाय पर्याय उरत नाही. ऊन मान्य, आमच्या सोलापुरात मार्च संपेपर्यंत पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि शाळा सकाळची म्हणजे अख्खी दुपार अंगावर. पण मोबाईलचं नाही पटलं. या दिवसात चिंचा निघतात ते कुणीच लिहिलं नाही. सासूबाई वर्षाची चिंच घरीच करतात, त्यामुळे दोन्ही पोरं टरफलं काढायला, शिरा ओढायला बसलेली असतात, अर्धी तोंडात जाते ती गोष्ट वेगळी (आणि रात्री दात आंबले म्हणून भाकरी खात नाहीत). खरी मजा चिंचोक्यांची. चिंचोका शहाबादी फरशीवर थोडं पाणी टाकून घासत बसायचं, एक बाजू पांढरी होईपर्यंत, असे चार झाले की अष्टा चम्म्याचे फासे तयार. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे तर आठ, आणि समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नाही, त्यावरून आमच्यात रोज मारामारी. धाकटा पाच वर्षांचा आहे, बेरीज त्याला यातनंच यायला लागली. फरशीवर खडूने पाच बाय पाचची घरं आखा, सोंगट्यांना बांगड्यांचे तुकडे नकोत, लहान पोरं असतील तर बटणं घ्या. चिंचोके नाकात घालतात मात्र, तेवढं लक्ष ठेवा.