ओक खणून आणलाय, पानं करपतायत. तातडीने मदत हवी आहे

सुकाणू:
मंडळी, बोन्सायसाठी जंगली ओक खणून आणला. बुंधा मनगटाएवढा, खाली मस्त पसरलेला. दहा दिवस झाले, पानं कडेने तपकिरी होत चाललीत. दिवसातून दोनदा पाणी घालतोय. काय करू? 'नर्सरीतून घ्यायचा होता' हे कृपया सांगू नका.

हिरवाकंच:
कुठे राहता? ओक कुठला? कधी काढला? कुंडीत काय भरलंय? मुळं किती आली? यातलं काहीच सांगितलं नाहीत.

पिंपळपान:
मी गच्चीच्या भिंतीतला पिंपळ उपटून लावला होता, आठवड्यात पालवी! पहिला पाऊस पडला की काढायचं, मुळांना हळद लावायची, बास. उगाच बाऊ नको.

हिरवाकंच:
पिंपळ गटाराच्या पाइपातही उगवतो, त्याचं काय सांगता. ओकचं सोटमूळ खोल जातं. ते तोडलं की बारीक मुळं उरतात किती, त्यावर सगळा खेळ. सह्याद्रीत ओक नाहीच, म्हणजे हे हिमालयातले की परदेशातले?

सुकाणू:
कॅलिफोर्निया. मित्राच्या रँचवरून, त्याला विचारूनच. ओक म्हणजे ओक हो. पॉटिंग मिक्समध्ये (कुंडीसाठीची तयार माती) लावलाय.

दूरदेशी:
इथे ओकच्या सुमारे २० देशी जाती आहेत! पान टणक, काटेरी कडांचं की निळसर, मऊ? आणि मित्राला नुसतं विचारलंत की लिहून घेतलंत? दुसऱ्याच्या जमिनीवरचं झाड न्यायला मालकाची लेखी परवानगी लागते, कॅलिफोर्नियाच्या पीनल कोडचं (दंडसंहितेचं) कलम ३८४अ. शिवाय किनाऱ्याकडच्या काउंट्यांत 'सडन ओक डेथ' हा ओक मारणारा रोग आहे, फायटोफ्थोरा रेमोरम या जंतूमुळे होणारा. तिथून झाड बाहेर न्यायलाही बंधनं आहेत.

सुकाणू:
परवानगीबद्दल मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. पानं निळसर. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पायथ्याचा आहे. एप्रिलच्या शेवटी काढला, नुकती पालवी फुटलेली.

दूरदेशी:
मग तो ब्लू ओक, क्वर्कस डग्लसी. हा व्हाइट ओकच्या गटातला, त्या रोगाची काळजी नको. पण वेळ चुकली. झाडानं साठवलेलं सगळं पालवीत घातलं आणि तेव्हाच तुम्ही मुळं तोडलीत. हिवाळ्यात, डोळे फुगायच्या आधी काढायचा असतो.

वाटसरू७:
मुळात बोन्साय म्हणजे झाडाचे हालच. पाय बांधून ठेवल्यासारखं.

सुकाणू:
(वाटसरू, वेगळा धागा काढा.) मुळांवर पांढरी बुरशी होती, ती पाइपनं धुतली आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड मारलं. निदान ते तरी बरोबर ना?

हिरवाकंच:
अरेरे! ती बुरशी म्हणजे झाडाचे हातपाय हो. ओकच्या मुळांना वेढून राहते आणि लांबचं पाणी, खनिजं आणून देते. जुन्या जागेची मूठभर माती नव्या कुंडीत घालायची असते. आजच प्यूमिसमध्ये (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी खड्यांत) बदला.

दूरदेशी:
बिलकुल नको! दहा दिवसांत दुसऱ्यांदा मुळं हलवलीत तर उरलंसुरलं जाईल. माझ्या तिन्ही झाडांना मी कुठलीही बुरशी दिली नाही, नुसत्या प्यूमिसमध्ये आपोआप आली.

हिरवाकंच:
तुमची तिन्ही हिवाळ्यात काढलेली. ह्यांचं ओल्या पॉटिंग मिक्समध्ये दिवसाला दोनदा पाणी पिऊन कुजतंय. हवा कुठून जाणार मुळांना?

दूरदेशी:
म्हणून पाणी कमी करायचं, कुंडी नाही बदलायची. सुकाणू, सावलीत ठेवा, खत नको, बुंधा हलू नये म्हणून दोरीनं बांधा. वरची माती बोटभर कोरडी झाली की पाणी. करपलेली पानं तोडू नका, गळतील तेव्हा गळतील. ब्लू ओक कडक दुष्काळात उन्हाळ्यातच पानं टाकतो आणि तरी जगतो, त्यामुळे पानांवरून झाड मेलं म्हणू नका. नखानं साल किंचित खरवडून बघा, आत हिरवं म्हणजे जिवंत.

सुकाणू:
खरवडली. वरच्या दोन फांद्या तपकिरी, बुंध्याशी हिरवं आहे. सावलीत नेला. कुंडी बदलू की नको, एकदा ठरवा दोघांनी.

पिंपळपान:
हळद लावून बघितलीत का?