काळा दगड म्हणजे सगळा एकच?

झरीचे गुरुजी: काल इथं एकानं लिहिलं, "बॅरेन बेट, मॉरिशस, रीयुनियन, यवतमाळ, सगळीकडचा दगड काळाच, म्हणजे एकाच लाव्ह्याचा. प्रयोगशाळेत पैसे कायले घालवायचे?" हे वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो.

रंगावरून दगडाची जात ठरत नाही. अंदमानातल्या बॅरेनखाली एक भूपट्टा, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचा मोठा तुकडा, दुसऱ्याखाली घुसतो. खाली गेलेल्या पट्ट्यातलं पाणी वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, शिरतं आणि तिथला खडक कमी तापमानालाच वितळतो. त्या पाण्यासोबत बेरियम, स्ट्रॉन्शियम ही मूलद्रव्यं वर येतात, नायोबियम मागे राहतं. रीयुनियन बेट मात्र पट्ट्याच्या काठापासून लांब, भर हिंदी महासागरात, तप्तबिंदूवर आहे, म्हणजे जिथं खोलातून उष्ण खडक एकाच जागी वर येत राहतो. तिथं टायटॅनियम ऑक्साइड अडीच टक्क्यांच्या आसपास, नायोबियमही भरपूर. दोन्ही बेटं जिवंत ज्वालामुखीची, पण घडण पूर्ण वेगळी.

आपला यवतमाळचा, म्हणजे दख्खनचा, दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत त्याच तप्तबिंदूवरून सरकत होता. पुढे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी रांग लागली. 1987 साली समुद्रतळाला छिद्रं पाडून नमुने काढले, तेव्हा दिसलं की दक्षिणेकडे जावं तसं वय कमी होतं. मॉरिशस 80-90 लाख वर्षांचं, रीयुनियन आजही पेटतं.

वावरवाला: गुरुजी, तुमचं नायोबियम राहू द्या. माह्या वावरात तीनशे फूट बोअर मारला, नुसता फुफाटा उडाला. पाणी दाखवणारा हातावर नारळ घेऊन फिरला अन् पैसे घेऊन गेला. तुमच्या केमिस्ट्रीनं पाणी लागते काय? ते सांगा आधी.

दर्यापूरची लेक: तुमच्याकडे निदान लागतच नाही, आमच्याकडे लागतं ते खारट. माझ्या माहेरी त्या पाण्यात डाळ शिजत नाही. आणि लोक दोष देतात काळ्या दगडाला! हा खारट पाण्याचा भाग, खारपाणपट्टा, पूर्णा नदीच्या गाळाचा आहे, बेसॉल्ट म्हणजे हा काळा दगड त्याच्या कितीतरी खाली. इथं कोणी दगडाला नावं ठेवली की मला राग येतो.

वावरवाला: ताई, मी दगडाले नाही, बोअरवाल्याले बोललो.

झरीचे गुरुजी: भाऊ, पाणी थरांवर ठरतं. लाव्हा एकदाच नाही आला, थरावर थर आले. प्रत्येक थराचा माथा वायूच्या फोडांनी पोकळ असतो, तिथं पाणी साठतं. मधला भरीव पाषाण फुटलेला नसेल तर कोरडाच. भावाच्या विहिरीत सुरुंग लावले तेव्हा दोन पाषाणांच्या मधे हातभर तांबड्या मातीचा पट्टा निघाला. एक थर निवून, झिजून, त्याची माती होईपर्यंत दुसरा आलाच नव्हता. त्या पट्ट्याखालच्या पोकळ दगडातून झरा लागला. बोअर मारण्याआधी शेजारच्या विहिरी उतरून पाहाव्या. नारळ फिरवणाऱ्याला एक रुपया देऊ नये.

वर्धेकर: पाण्याचं झालं असेल तर मूळ मुद्द्यावर या. "त्याच तप्तबिंदूवरून" हे तुम्ही देववाणीसारखं लिहिलं. तप्तबिंदू न मानणारे भूशास्त्रज्ञ आहेत, ते वेडे नाहीत. दख्खनचा लाव्हा खंडाच्या जाड कवचातून वर आला, ते कवच त्यात मिसळलं. रीयुनियनखाली समुद्राचं पातळ कवच. दोघांचं रसायन तंतोतंत जुळतच नाही. पोरांना अर्धं शिकवू नका.

झरीचे गुरुजी: शिकवण्यावर जायचं काम नाही! कवच मिसळलं, मान्य. पण ते कळलं कशावरून? स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून (त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून), म्हणजे प्रयोगशाळेतूनच. मी दुसरं काय म्हणतोय? लोणारचंही तेच. बेसॉल्टात विवर म्हणून कित्येक वर्षं लोक त्याला ज्वालामुखीचं तोंड समजले. आघातानं काच झालेली खनिजं सापडली तेव्हा उल्का ठरली.

वर्धेकर: लोणारचं पटलं. तप्तबिंदूचं नाही.

वावरवाला: तुमचं चालू द्या. गुरुजी, शेजारच्या विहिरीत चाळीस फुटांवर तांबडा पट्टा दिसते. माहं वावर त्याच्याहून उंचावर हाये. मंग किती खोल जाऊ?

झरीचे गुरुजी: उंचीतला फरक मोजून चाळिसात मिळवा. थर आपल्याकडे जवळजवळ आडवेच आहेत. पण पट्टा सगळीकडे सलग नसतो, म्हणून दुसऱ्या बाजूचीही एक विहीर पाहा, मगच मशीन बोलवा.