अनुभव धागा: अंगणात, शेतावर, गच्चीत डास कसे पळवता?

मे महिन्यात आम्ही सासरी, कोकणात होतो. तिन्हीसांजेला सगळी मंडळी खळ्यात येऊन बसतात, आणि सात वाजले की पायाशी डास. मामंजी बिडी पेटवतात. "हिच्या वासाला डास टिकत नाही," म्हणतात. त्यांच्या मांडीवर माझी अडीच वर्षांची लेक. धूर जातो त्या बाजूला डास खरंच कमी होतात, मी स्वतः पाहिलंय. पण रात्री पोरीला खोकल्याची उबळ आली आणि मला झोप लागली नाही. मामंजींना तोडून बोलायचं नाहीये. बिडीच्या जागी दुसरं काय करता येईल ते हवंय. घरातल्या मशीनबद्दल नको. उघड्यावर काय चालतं आणि काय फसलं, दोन्ही लिहा.

*

निपाणी भागातला आहे, घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू. ताई, तुमचे मामंजी चुकीचं सांगत नाहीत. निकोटिन किडीला मारतंच. आमच्याकडे तंबाखू उकळून ते पाणी माव्यावर फवारायचे. राखणीला शेतात झोपायचो तेव्हा वाळलेल्या तंबाखूच्या काड्या पेटवायचो. डास जायचे, पण डोकं गरगरायचं आणि सकाळी तोंड कडू व्हायचं. वडील म्हणायचे, सवय होते.

मला सवय झाली नाही, कारण मी आईला बघत होतो. दवात भिजलेला पाला हाताळला की तिला दुपारपर्यंत मळमळायचं, कधी उलट्या. बरीच वर्षं आम्ही ते उन्हावर घातलं. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, हे मला फार उशिरा कळलं. जे हातातून एवढं चढतं, ते धुरातून लहान लेकराच्या छातीत जाऊ द्यायचं का? आता रानात झोपायचं तर बाजेच्या चारी पायांना काठ्या बांधतो आणि मच्छरदाणी लावतो. खालून नीट खोचली की झालं. एवढ्या सोप्या गोष्टीला आम्ही इतकी वर्षं लावली.

*

गोठ्यात आम्ही शेणीच्या निखाऱ्यावर कडुनिंबाचा पाला टाकतो. पाला ओलाच हवा, वाळका भडकतो. निर्गुडीही चालते. वारा कुठून येतो ते बघून घमेलं ठेवायचं, नाहीतर धूर एकीकडे आणि म्हैस दुसरीकडे. निखारा आहे तोवर आराम, विझला की डास परत. आणि धूर कोंडला की जनावरंही ठसकतात, म्हणून दार उघडं ठेवतो.

*

गवती चहाच्या चार कुंड्या गच्चीत ठेवल्या, काही फरक नाही. पानं चुरडून हाताला चोळली तर थोडा वेळ बरं वाटतं. कापूर जाळला, तोही फुकट. मोबाइलमधला आवाज काढणारा प्रकार तर करूच नका.

*

पुण्यात आम्ही गच्चीत टेबल फॅन जमिनीवर ठेवतो, वारा पोटऱ्यांवर येईल असा. डास फार अशक्त उडतो, त्याला वाऱ्यात नीट उतरता येत नाही. शिवाय आपला श्वास आणि घामाचा वास यांच्या मागावर तो येतो, तोच वारा पांगवतो. तुमच्या खळ्यापर्यंत वायर पोचत असेल तर आधी हे करून बघा.

*

मिनेसोटात राहतो. इथे तळ्याकाठी उन्हाळ्यात संध्याकाळी बाहेर बसायचं तर फिक्या रंगाचे सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या अंगाला डीट, म्हणजे डासांना दूर ठेवणारं औषध. 1946 मध्ये अमेरिकी लष्करासाठी तयार झालेलं हे औषध अजूनही सगळ्यांत भरवशाचं वाटतं. मुलीच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या: दोन महिन्यांखालच्या बाळाला लावायचं नाही, लहान मुलांच्या तळहातांना लावायचं नाही (हात तोंडात जातात), आणि लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांच्या आत नको. तुमची लेक अडीच वर्षांची आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

*

डासअळ्या शोधण्याच्या कामातच माझी सगळी नोकरी झाली. वर कुणी कॉइल सुचवली नाही, तरी सांगून ठेवते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले होते. बिडी काढून मुलीशेजारी कॉइल ठेवू नका.

ताई, सातला येतात ते बहुधा क्युलेक्स, घाण पाण्यातले. संडासाच्या टाकीचा व्हेंट पाइप बघा. त्याच्या तोंडाला जाळी नसेल तर तुमचे डास तिथूनच निघताहेत असं धरून चाला. मी अशा पाइपांवर संध्याकाळी बॅटरी मारून पाहिलंय, धुरासारखे वर येतात. जुनी साडी दुहेरी करून सुतळीनं आवळली तरी पुरतं. मग माडाखाली पडलेल्या करवंट्या उपड्या करा, त्यात डेंग्यूचा एडिस वाढतो आणि तो दिवसा चावतो. पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. विहिरीत किंवा हौदात गप्पी मासे सोडा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं तर मिळतात.

*

सगळ्यांचे आभार. निपाणीच्या दादांचं मी दोनदा वाचलं, मग मामंजींना फोनवर वाचून दाखवलं. आईंच्या उलट्यांपाशी ते गप्प झाले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. व्हेंट पाइपला जाळी नव्हतीच, पावसात फाटून गेली होती. त्यांनी शिडी लावून जुन्या पंचाचा तुकडा बांधलाय. "बिडी माडाखाली ओढीन, खळ्यात नाही," म्हणाले. पंख्याची वायर गणपतीला गेलो की ओढू. करवंट्यांचा ढीग मोठा आहे, तो शेजारच्या मुलांना सांगून हलवतेय.