प्रति: ताम्हिणीमार्गे कोकण, टायर ३२ की ४०?
वर विचारलंय की ३२ मिमी टायरवर पुणे-ताम्हिणी-हरिहरेश्वर जमेल का. डांबर आहे तोवर जमेल की, पण खरी मजा पुढे आहे हो, बागमांडल्याला फेरीबोटीत सायकल चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि गावागावातून वेळास, केळशीकडे जायचं, तिथे आतल्या रस्त्यांवर जांभ्याचे बारीक खडे पसरलेले असतात आणि उतारावर जरा जोरात ब्रेक दाबला की मागचं चाक सरकतंच. मी आधी ३५ मिमीवर गेलो होतो, हवा ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), दोन दिवसांत मनगटं भरून आली. आता ४० मिमीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं सीलंट नावाचं द्रव असतं), मधे गुळगुळीत नि कडेला पकडीसाठी गुट्ट्या, हवा पुढे ३५ मागे ३८ पीएसआय (माझं वजन ७२ किलो), सायकल तीच पण फरक प्रचंड!! घ्यायच्या आधी फ्रेममधे जागा मोजा मात्र, चिखलासाठी दोन्ही बाजूंना ४-५ मिमी तरी मोकळं हवं.

आणि बाभळीचा काटा घुसला तर काढल्या काढल्या चाक फिरवून भोक खाली आणा, सीलंट तिथे जमून बुजवतं. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, त्यामुळे निघायच्या आधी बघून नवीन भराच.