थीम पार्क: रांग टाळायचा जादा पास घ्यावा का? (मदत हवी आहे, घाईत)

मृण्मयी_के: आज रात्री ठरवायचंय म्हणून थेट विचारते. चौघांची प्रवेशतिकिटं काढायची आहेत. मागच्या वेळेपेक्षा ती बरीच महागलीत, आणि वर रांग टाळायचा पास वेगळा. चौघांचे पास धरले तर खर्च जवळजवळ दीडपट होतोय. मागच्या खेपेला एका राइडसाठी पावणेदोन तास उभे राहिलो, अगदी दाराशी पोचलो आणि यंत्र बंद पडलं. धाकटी रडून रडून खांद्यावरच झोपली. ते पुन्हा नको. पैसे वसूल होतात का? हो की नाही, एवढंच सांगा.

रानवाट: कुठला वार? मुलं केवढी? यावरच सगळं आहे.

चक्रधर: मुळीच घेऊ नका. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो तिकिटातच होता. २०२१ मध्ये तो मोडीत काढून विकतचा आणला. राइडवर तासाला माणसं बसतात तेवढीच. पासवाले पुढे गेले की साधी रांग तेवढी मागे सरकते. आपणच पैसे देऊन दुसऱ्यांची रांग लांबवतो, याचा मला खरंच राग येतो.

जुनी_वही: चक्रधर, पूर्वी सगळं तिकिटातच होतं असं समजू नका. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा मोठ्यांना प्रवेश एक डॉलर आणि राइडचे पैसे वेगळे. त्याच वर्षी कूपनांची पुस्तकं आली. १९५९ मध्ये सगळ्यात भारी राइडसाठी ‘ई’ कूपन आलं. एका तिकिटात सगळं, हे तिथे १९८२ पासून. चांगल्या राइडला जास्त पैसे ही जुनीच रीत आहे.

चक्रधर: तेव्हा प्रवेश स्वस्त होता. आता दोन्हीकडून घेतात.

मृण्मयी_के: माझा प्रश्न राहिला बाजूला. शनिवारी जातोय. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच.

सहलवेडी: वार्षिक पास घ्या! आमचा तिसऱ्या फेरीतच वसूल झाला.

मृण्मयी_के: अहो, आम्ही एकदाच जाणार आहोत.

रानवाट: मुलीचं वय नको, उंची सांगा. बऱ्याच मोठ्या राइडना १०२ सेंमी लागते, काहींना १२० च्या वर.

मृण्मयी_के: आत्ता दाराच्या चौकटीला उभी करून, डोक्यावर वही आडवी धरून मोजली. ९८. टाचा उचलत होती, तरी.

रानवाट: मग तिच्या पासचे पैसे वायाच जातील. बऱ्याच पार्कांत पालकांनी आळीपाळीने बसायची सोय असते: एक जण मुलीजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, मग पहिला पुन्हा पूर्ण रांग न लावता जातो. ही सोय आहे का ते आधी बघा. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि सगळ्यात मोठी राइड पहिली उरका. पहिल्या तासात जेवढं होतं तेवढं दुपारी तीन तासांत होत नाही.

चक्रधर: आणि शनिवार सोडा. अमेरिकेतल्या डिस्नेने २०१६ मध्ये एका दिवसाच्या तिकिटाचा दर गर्दीप्रमाणे ठेवायला सुरुवात केली, आता बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. आडवारी तिकीटही स्वस्त पडतं आणि पासची गरजही कमी.

मृण्मयी_के: बघितलं. मंगळवारचं तिकीट खरंच कमी आहे. अहोंना रजा मिळतेय. आळीपाळीची सोयही आहे, फुकट. पास नाही घेत. हे बुकिंगच्या पानावर कुठेच ठळक लिहिलेलं नव्हतं, पासचं बटण मात्र तीनदा समोर आलं. रानवाट, चक्रधर, मनापासून आभार.

नवखा_बाबा: धागा वर काढतो. आमची १०० सेंमी आहे. जाड तळव्याचे बूट घातले तर चालेल ना?

रानवाट: कृपा करून असं करू नका. तो आकडा सीटवरचा दांडा अंगाला नीट बसावा म्हणून असतो. थांबा थोडे महिने, वाढेल ती.