'भाड्याचं पान': सोज्वळ प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्यांच्या वतीनं

लँकेस्टरवाली: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'अमेरिकेतल्या त्या चर्चछाप, सोज्वळ, खेड्यातल्या प्रेमकथा म्हणजे डोकं गहाण टाकलेल्या बायकांची करमणूक.' माझं डोकं जाग्यावर आहे आणि सध्या तापलंय, म्हणून वेगळा धागा.

माझ्या सासूबाई सांगलीच्या. 31 वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. इथे पेनसिल्व्हेनियात आल्या की लायब्ररीतून मोठ्या टायपातल्या याच कादंबऱ्या पिशवीभर आणतात. मुखपृष्ठ ठरलेलं: पांढरं टोपडं घातलेली मुलगी, मागे शेत. जॅनेट ओकची 1979 सालची 'लव्ह कम्स सॉफ्टली' तर दोनदा वाचली. प्रवासात नवरा गेलेली मार्टी, आईवेगळ्या पोरीचा बाप क्लार्क. तो म्हणतो, पोरीसाठी लग्न कर, मी पडवीत झोपेन. नाहीच पटलं तर वसंतात माघारी जायचं भाडं मी देतो. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असं भाडं कुणी देऊ केलं असतं तर!" मी हसले. त्या हसत नव्हत्या.

तर्कटराव: भावना पोचल्या. पण भाडं फुकट नव्हतं, पोरीला बरोबर न्यायची अट होती. शिवाय मार्टीला क्लार्कचा देवही पटावा लागतो, ते बरं गाळलंत. (हो, वाचलंय. बायकोच्या उशाशी असतं.) गोड मुलाम्यातला प्रचार आहे हा. आणि ते आमिश, वीज-मोटारी टाळून जुन्या पद्धतीनं राहणारे ख्रिस्ती पंथाचे लोक! बेव्हर्ली लुईसच्या 1997 च्या 'द शनिंग' कादंबरीनंतर त्यांच्यावरच्या प्रेमकथांचं पीकच आलं, लिहिणाऱ्या बहुतेक आमिश नाहीतच. आठवीनंतर मुलींची शाळा बंद, 1972 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तशी मुभाही दिली. त्यावर रोमान्स?

लँकेस्टरवाली: मुलींचीच नाही, मुलांचीही. अर्धवट फेकू नका.

तर्कटराव: मुलांचीही? मग काय, फारच छान.

खवचट खारूताई: वीज नको, मोटार नको, मग फोन कसा चालतो? तिकडे शेताच्या कडेला संडासाएवढं खोपटं पाहिलं, आत फोन!

माजघर: घरात नको, एवढंच. घरात वाजला की जेवणं मोडतात. बऱ्याच जणांकडे फ्रीजही असतो, गॅसवरचा. नवल कसलं? माझ्या आजीच्या सोवळ्यात कुकर चालायचा, पण नैवेद्याची चटणी पाट्यावरचीच. मिक्सर बाद.

तर्कटराव: आलं सोवळं! माझी आत्या 26 व्या वर्षी विधवा झाली, जन्मभर त्याच सोवळ्यात राबली. लिहा तिच्यावर सोज्वळ कादंबरी.

माजघर: माझी आजीही विधवाच होती. पण सोवळ्यातल्या त्या दोन तासांत तिला हुकूम सोडायची कुणाची टाप नव्हती. कर्ता काकासुद्धा उंबऱ्याबाहेर.

तर्कटराव: उंबऱ्याआतलं राज्य, वा! आणि कामवालीच्या ओंजळीत वरून पाणी, तेही त्याच राज्यात ना?

माजघर: हो. तेही. नाकारलेलं नाही मी. पण आत्या तुमच्या एकट्यालाच नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

खवचट खारूताई: मी फक्त फोनचं विचारलं होतं.

जुना ग्रंथपाल: भांडण चालू द्या. वाचनालयाच्या खिडकीत 20 वर्षं बसलो. बायका पुस्तक चाळून हळूच विचारायच्या, "यात तसलं काही नाही ना? घरी मामंजीही वाचतात." दोन खोल्या, सात माणसं, पुस्तक एक. चोरून वाचायलाही जागा लागते हो. तुम्ही जिला सोज्वळपणाची आवड म्हणता, ती निम्मी जागेची अडचण होती. तिकडची कारणं वेगळी असतील, पण असं गिऱ्हाईक असल्याशिवाय प्रेमकादंबऱ्या छापणाऱ्या हार्लेक्विन कंपनीनं 1997 मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' ही सोज्वळ प्रेमकथांची वेगळी मालिका काढली नसती.

तर्कटराव: जागेचं पटलं. नाइलाजानं. प्रचाराचं सोडत नाही.

लँकेस्टरवाली: सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "प्रार्थनेची पानं मी भराभर उलटते, पंचांगातल्या जाहिराती उलटाव्या तशी. आणि त्यांना म्हणावं, बायकोला विचारा, ती कुठल्या पानावर थांबते."